ठाण्यात बसून ट्राउटची निम्फ: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी नाश्त्याच्या बशा उचलल्या की त्याच टेबलावर चार-पाच जण व्हाइस, म्हणजे गळ घट्ट धरणारा चिमटा, लावून निम्फ बांधायला बसतात. निम्फ म्हणजे ट्राउट माशासाठी पिसं, तार आणि धागा गळावर बांधून केलेली पाण्याखालच्या किड्याची नक्कल; अशा सगळ्या नकलांना फ्लाय म्हणतात. कोणी वाशीहून येतं, कोणी डोंबिवलीहून. नवीन माणूस आला की प्रश्न तेच असतात आणि माझी उत्तरं मात्र दर वेळी थोडी वेगळी निघतात. म्हणून बायको म्हणाली, एकदाच काय ते लिहून टाक. ते हे.

ठाण्यात ट्राउट मिळतो का?

नाही. मासुंद्यात नाही, उपवनात नाही, उल्हास नदीतही नाही. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. १० ते १६ अंश सेल्सिअसला तो मजेत असतो, २० च्या वर गेलं की त्याची घुसमट सुरू होते, कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. आपल्या नळाचं पाणी डिसेंबरातही त्याहून गरम असतं. आपल्याला एक तर उत्तरेत हिमाचल-काश्मीर गाठायचं, नाहीतर दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारचे डोंगर. तिथेही हा मासा मूळचा नव्हे, इंग्रजांनी आणलेला. ब्राउन ट्राउटची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरला पोचली ती १९०० च्या सुमारास, आणि कुलूच्या खोऱ्यात १९०९ मध्ये त्याचं बीज वाढवायला सुरुवात झाली.

मग इथे बसून निम्फ बांधण्यात काय अर्थ?

नदीवर आपण वर्षाकाठी पाच दिवस असतो. उरलेले ३६० ठाण्यातच काढायचे आहेत. शिवाय खडकाळ नदीत एका दिवसात सहा-सात निम्फ सहज दगडाखाली राहतात; त्या विकत घेत बसलात तर छंद महिन्याभरात सुटेल. पण खरं कारण वेगळं आहे. जी निम्फ तुम्ही स्वतः बांधली, ती किती जड आहे आणि किती चटकन बुडेल हे तुमच्या हाताला माहीत असतं. निम्फ दिसते कशी यापेक्षा ती कुठल्या थरात आणि किती वेगाने वाहत येते, याला ट्राउट जास्त भाव देतो. हे मी खाली पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

फ्लाय म्हणजे माशी. मग निम्फ म्हणजे काय?

शब्दकोशात बघाल तर अप्सरा. इथे मात्र पाण्याखाली दगडांना चिकटून राहणारं, एखाद-दीड सेंटिमीटरचं, तपकिरी, सहा पायांचं किडकं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांसारखे कीटक आयुष्याचा बहुतेक काळ पाण्यातच काढतात. मेफ्लाय तर पंख फुटल्यावर एखाद-दोन दिवसच जगते. त्याआधीचे कित्येक महिने, काही जातींत वर्षभर, ती निम्फ असते. कॅडिस नावाच्या कीटकाची अळी वाळूचे कण आणि काटक्या जोडून स्वतःभोवती नळी बांधते. तिला खरं तर निम्फ म्हणत नाहीत, पण गळ टाकणारे या सगळ्यांना एकाच डब्यात घालतात, चिलटांच्या अळ्यांसकट.

ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली चालतं. वरती माशी टिपायला तो उसळतो तेव्हा आपल्याला दिसतो, म्हणून ते दृश्य लक्षात राहतं इतकंच.

हे बघायला हिमाचलला जायची गरज नाही. दिवाळीनंतर कर्जतच्या बाजूला उल्हासच्या वाहत्या, उथळ पाण्यातला तळहाताएवढा दगड उलटा करा. पोटाकडच्या ओल्या बाजूवर चपटी, दोन-तीन शेपट्यांची किडकी सरकताना दिसतील. त्या मेफ्लायच्या निम्फ. जाती वेगळ्या, बांधा तोच. फोटो काढा आणि दगड होता तसा परत ठेवा.

तरंगणारी ड्राय फ्लाय सोडून निम्फच का? ती जास्त देखणी असते ना?

देखणी असते. इंग्लंडात एके काळी हा मानापमानाचा विषय होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या खडूच्या मातीतून वाहणाऱ्या स्वच्छ नद्यांवर फक्त तरंगती फ्लाय टाकणं हेच सभ्यपणाचं मानलं जाई. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाने १९१० मध्ये पुस्तक लिहून पाण्याखालच्या फ्लायची बाजू मांडली आणि पुढची अनेक वर्षं टीका झेलली. त्यानंतर आला फ्रँक सॉयर. तो विल्टशायरमध्ये एव्हन नदीचा राखणदार होता. रोज नदीकाठी असल्यामुळे त्याच्या लक्षात आलं की पोहणारी निम्फ पाय अंगाशी दुमडून घेते. म्हणजे फ्लायला पाय दाखवायला पिसं लावायचं कारणच नाही. त्याने धागाही टाकून दिला आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू सरळ तांब्याच्या बारीक तारेने बांधले. तारेनेच बांधणी आणि तारेनेच वजन. हीच फेझंट टेल निम्फ. आज तिचे शंभर अवतार आहेत, पण मूळ कल्पना एका निरीक्षणाची आहे.

सुरुवातीला काय काय घ्यावं?

व्हाइस, बॉबिन (धाग्याचं रीळ धरणारी नळी), टोकदार छोटी कात्री, गळ, वजनासाठी मणी, धागा. बस. व्हाइस महाग वाटला तर सोनार वापरतात तो छोटा हातव्हाइस टेबलाच्या कडेला पट्टीने आवळून बसवा. माझ्या पहिल्या दीडशे निम्फ तशाच बांधल्यात. कात्रीत मात्र काटकसर करू नका, आणि त्या कात्रीने तार कापू नका. तारेसाठी नेलकटर ठेवा.

गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे पहिल्या दिवशी सगळ्यांचं चुकतं. १२, १४ आणि १६ एवढे तीन आकार पुरतात. चेंदणी कोळीवाड्यातले एक काका माझा १६ नंबर तळहातावर घेऊन म्हणाले होते, "ह्याला काय, जवळा लागणार?"

सामान ठाण्यात मिळतं का?

अर्धं मिळतं, आणि शोधण्यात मजा आहे.

तांब्याची तार मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळते. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याला एमआयडीसीत जा आणि इनॅमलची सगळ्यात बारीक तार मागा. टाकाऊ तुकडेच आपल्याला वर्षभर पुरतात. इनॅमलमुळे तार काळपट लाल दिसते, तोच रंग हवा असतो. जुन्या इयरफोनच्या तारेचा मोह टाळा, ती गाठीतच तुटते.

जांभळी नाक्याला विणकामाच्या दुकानात, निम्फच्या अंगावर चढवायला, तपकिरी आणि राखाडी ॲक्रिलिक लोकर घ्या. बारीक कापून, कॉफी ग्राइंडरमध्ये एक सेकंद फिरवली की छान पिंजली जाते. (ग्राइंडर जुना घ्या. घरच्याला हात लावलात तर पुढचं मी काही सांगू शकत नाही.) त्यात तागाच्या सुतळीचे थोडे तंतू मिसळले की सशाच्या केसांसारखा खरबरीत पोत येतो. मूळ पाककृतीत ससाच असतो, पण आपल्याकडचा रानससा संरक्षित आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही.

शेवटच्या गाठीवर लावायला साधं बिनरंगी नेलपॉलिश चालतं. गळ, टंगस्टनचे मणी, फेझंटचे तंतू आणि बारीक धागा हे मात्र मागवावंच लागतं. शिवणाचा धागा आणू नका. तो इतका जाड असतो की १६ नंबरच्या गळावर चार वेढ्यांत निम्फची भजी होते.

मोरपीस वापरलं तर चालतं का? कायद्याचं काय?

मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. आपोआप गळलेली शेपटीची पिसं देशात बाळगायला सूट आहे, देवळाबाहेर मिळतात ती हीच. एका पिसात पन्नासेक निम्फच्या छात्या होतात. निर्यातीला मात्र बंदी आहे, तेव्हा परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून मोरपिसाच्या निम्फ पाठवू नका. आणि हिमाचलमध्ये कोणी मोनाल या तिथल्या रानपक्ष्याचं पीस "फुकट" दिलं तरी हात मागे घ्या.

पहिली निम्फ कोणती बांधू आणि कशी?

मण्याची फेझंट टेल. १४ नंबरचा गळ, २.८ मिलिमीटरचा मणी.

आधी गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. दोन फायदे: मणी अडकत नाही आणि नंतर मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. मण्याला एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठं भोक असतं. लहान भोकातून गळाचं टोक घालायचं, म्हणजे मणी सरकत नेढ्यापाशी गेला की लहान भोक नेढ्याकडे राहतं. हे उलटं झालं तर मणी नेढ्यावरून निसटतो. सगळ्यांचं एकदा तरी होतं.

आता मण्यामागून धागा सुरू करा आणि दांडीवर शेजारी-शेजारी वेढे घेत वळणापर्यंत जा. फेझंटचे चार-पाच तंतू टोकं जुळवून घ्या. टोकं शेपटी म्हणून मागे राहू द्या, दांडीच्या निम्म्या लांबीएवढी. त्याच जागी तारही बांधून घ्या. मग धागा पुढे आणा, तंतूंचा जुडगा दांडीवर गुंडाळत मण्याच्या थोडं अलीकडे थांबा आणि बांधा.

तार मात्र तंतूंच्या उलट दिशेने फिरवायची. चार-पाच वेढे, मध्ये सारखं अंतर. त्याने कीटकाच्या अंगावरची वलयं दिसतात हे खरं, पण मुख्य काम मजबुतीचं. फेझंटचा तंतू नाजूक असतो आणि ट्राउटचे दात बारीक पण भरपूर. तार नसेल तर दुसऱ्या माशानंतर हातात नुसता मणी आणि गळ राहतो.

मोरपिसाच्या दोन तंतूंचे तीन वेढे मण्यामागे द्या, ती छाती. व्हिप फिनिशची गाठ (धाग्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली ओढून घेतात ती), धागा कापा, नेलपॉलिशचा थेंब. नेढं बुजलं असेल तर सुईने लगेच मोकळं करा. पहाटे थंडीने बोटं बधिर झाली असताना बुजलेल्या नेढ्यात तंगूस (जाड दोरीच्या टोकाला बांधलेला बारीक नायलॉन) ओवण्यासारखी शिक्षा नाही.

माझी निम्फ ओबडधोबड दिसते. टाकून देऊ?

मुळीच नाही. ब्लेड घेऊन ती सोला, गळ आणि मणी पुन्हा वापरा, असं मी फक्त एकाच बाबतीत सांगतो: मण्यामागे गच्च गोळा झाला असेल तर. जाड निम्फ हळू बुडते. शेपटी वाकडी असेल, छाती विस्कटली असेल, तर उत्तम. माशांनी कुरतडून फाटलेली निम्फ नव्या निम्फपेक्षा चांगली चालते हा आमच्यातल्या बहुतेकांचा अनुभव आहे.

टंगस्टनचा मणी घ्यायचा की पितळेचा?

टंगस्टनची घनता पाण्याच्या १९ पट, पितळेची साधारण साडेआठ. त्याच आकारात दुपटीच्या आसपास वजन. हिमाचलच्या उतारावरच्या धावत्या पाण्यात हा फरक म्हणजे मासा आणि रिकामी सहल यांतला फरक.

माझी हिमाचलमधल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यातली पहिली सहल याच धड्यात गेली. टंगस्टन म्हणून मागवलेले मणी पितळेचे निघाले, आणि मी घरी परत येईपर्यंत मला ते कळलं नाही. तीन दिवस मी सुंदर बांधलेल्या निम्फ माशांच्या डोक्यावरून वाहवत नेल्या. चौथ्या दिवशी शेजारी एक स्थानिक मुलगा एका गबाळ्या, शिसं गुंडाळलेल्या निम्फवर दोन ब्राउन ट्राउट काढून गेला. तेव्हापासून नवं पाकीट आलं की दहा मणी ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलतो, बाजूला दहा पितळेचे ठेवून. सोनार हसतो. हसू दे.

पावसाळ्यात सामान कसं टिकवायचं?

ठाण्याच्या जुलैत गळ गंजतात आणि पिसांना कसर लागते. पिसं झिपच्या पिशवीत, सोबत डांबरगोळी. नवी आणलेली पिसं आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये, म्हणजे अंडी-अळ्या मरतात. घरात आधी सांगून ठेवा. आमच्याकडे कोंबडीवाल्याने दिलेली पिसं आईस्क्रीमशेजारी सापडली तेव्हा झालेला संवाद इथे देत नाही. बांधलेल्या निम्फचा डबा सिलिका जेलसह हवाबंद ठेवा.

श्रावणात चालतं का?

बांधायला कुठलाही महिना वर्ज्य नाही.

सराव कुठे करायचा?

फेकण्याचा सराव सोसायटीच्या गच्चीवर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. वाऱ्याची दिशा आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे बघून.

पाण्यावर करायचा असेल तर आधी त्या तळ्याची परवानगी विचारा. येऊरच्या जंगलात, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, गळ काढायचाच नाही. परवानगीच्या तळ्यात तिलापिया, बाजारातली चिलापी, छोट्या निम्फला झकास लागते आणि गळ कधी मारायचा हे शिकवते. वाहत्या पाण्याचा सराव पावसाळा पूर्ण ओसरल्यावरच. जुलै-ऑगस्टमध्ये बदलापूर-कर्जतकडच्या ओढ्यांत वर डोंगरात पडलेला पाऊस तुमच्यापर्यंत भिंतीसारखा येतो. त्या दिवसांत घरी बसा आणि बांधा.

नदीत निम्फ चालवायची कशी? सगळे हेच कठीण म्हणतात.

कठीण आहे, कारण नदीचा वेग वर एक आणि तळाशी दुसरा असतो. संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा. मधली माणसं धावत असतात, भिंतीला घासून चालणारी मात्र हळू सरकतात. नदीच्या तळाचे दगड म्हणजे ती भिंत. त्यांना घासून पाणी मंदावतं आणि ट्राउट तिथेच दबा धरतो, कारण कमी ताकदीत उभं राहता येतं आणि वरून वाहत येणारं तोंडात पडतं.

आता तुमची निम्फ तळाच्या हळू पाण्यात, आणि तिला धरणारी दोरी वरच्या धावत्या पाण्यात. दोरी निम्फला ओढते. माशाच्या नजरेला ते लगेच खटकतं, कारण खरं किडकं कधी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जोरात धावत नाही. म्हणून सगळी कारागिरी एवढ्यासाठीच: वरच्या पाण्याला दोरीचा कमीत कमी भाग लागू द्यायचा.

उभे राहा माशाच्या अंदाजे जागेच्या खाली आणि थोडं बाजूला. निम्फ वरच्या अंगाला, तिरकी टाका, इतकी लांब की माशापाशी येईपर्यंत ती बुडालेली असेल. पडल्या पडल्या काठी वर घ्या, म्हणजे जाड दोरी पाण्यावरून उचलली जाईल आणि फक्त बारीक तंगूस आत राहील. मग निम्फ जशी येईल तशी काठीचं टोक तिच्यासोबत आणा. ओढायचं नाही, ढिलंही सोडायचं नाही. वरच्या फेसाचे बुडबुडे बघा: तुमचं तंगूस त्यांच्यापेक्षा किंचित हळू येत असेल तर निम्फ बरोबर थरात आहे. बुडबुड्यांच्या वेगाने येत असेल तर ती तळापर्यंत पोचलेलीच नाही.

तंगूस जितकं बारीक तितकं पाणी त्याला कमी धरतं. त्याच्या जाडीचा नंबर ५एक्स म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर, मी त्यावरच राहतो. जाड ३एक्स लावलंत तर निम्फ जड करावी लागते, म्हणजे एका चुकीसाठी दुसरी.

तरंगणारा इंडिकेटर, म्हणजे मासा लागल्याचं दाखवणारा छोटा बोया, लावणार असाल तर तो निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बांधा, हा जुना ठोकताळा चांगला आहे. लांबच्या, संथ पाण्यात तो हवाच. पण तीर्थनसारख्या दगडादगडांतून उड्या मारणाऱ्या नदीत दर चार हातांवर खोली बदलते. तिथे मी तो काढून ठेवतो आणि दगडामागच्या एकेका खळग्यात जवळून, हातभर तंगुसावर निम्फ सोडतो. एका खळग्यात तीन-चार वेळा, मग पुढचा.

अधूनमधून निम्फ दगडाला घासली पाहिजे. दिवसभरात एकदाही अडकली नाही तर आणखी जड बांधा. आणि फेरी संपताना लगेच उचलू नका. क्षणभर काठी थांबवा, निम्फ प्रवाहात आपोआप वर उठू द्या. पंख फुटायला वर निघालेलं किडकं असंच दिसतं. कित्येक मासे तेव्हाच लागतात, आपण दुसरीकडे बघत असताना.

मासा लागला हे कळतं कसं?

बहुतेक वेळा हाताला काहीच कळत नाही. तंगूस क्षणभर थबकतं, किंवा बाजूला सरकतं. संशय आला की मनगटाने छोटा झटका. दहातल्या नऊ वेळा दगड असतो. ट्राउट निम्फ तोंडात घेऊन सेकंदभरात थुंकतो, त्यामुळे खात्री करत बसणाऱ्याला मासा मिळत नाही.

कुठे आणि कधी जावं?

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तीर्थनच सांगतो. मनालीच्या बसने औटच्या बोगद्याआधी उतरायचं, तिथून बंजार, मग गुशैणी. हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते, कारण तो ब्राउन ट्राउटच्या विणीचा काळ. मार्च-एप्रिलमध्ये पाणी काचेसारखं असतं. मे-जूनमध्ये बर्फ वितळून गढूळतं, जुलै-ऑगस्ट पुराचे. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर मला सगळ्यात आवडतो.

मत्स्य विभागाचा परवाना आधी घ्या आणि त्यावर छापलेले आकार-संख्येचे नियम वाचा. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या आत शिरायलाच वेगळी परवानगी लागते.

तीर्थनवर धरण नाही, पण ती जिथे सैंज आणि बियासला मिळते तिथे लारजीचं धरण आहे. २०१४ च्या जूनमध्ये त्याच्या खाली बियासच्या पात्रात उतरलेले विद्यार्थी अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. धरणाखालच्या कोरड्या दगडांवर कधीच उभे राहू नका, पाणी कितीही शांत दिसो.

हिमाचलच्या नद्यांत मिळणारा आस्ला म्हणजे ट्राउटच का?

नाही. इंग्रजीत त्याला स्नो ट्राउट म्हणतात, म्हणून गोंधळ. तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, थंड पाण्याचा, तळातलं खाणारा. मूळचा तिथला रहिवासी तोच. निम्फला लागला तर प्रेमाने सोडा.

पकडलेला ट्राउट खाता येतो का?

परवान्यात बसत असेल तर येतो. आम्ही नदीतला सोडतो आणि शेततळ्यातला रेनबो ट्राउट खातो, हॉटेलवाल्याकडे मिळतो. सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. मासा पाण्यातच धरा, गळ चिमट्याने उलटा सरकवा. फोटोसाठी वर उचलायचाच असेल तर तुम्ही स्वतः श्वास रोखून धरा. तुम्हाला दम लागायच्या आत तो परत पाण्यात.

निम्फचा डबा विमानात नेता येतो का?

चेक-इनच्या बॅगेत घाला. मी एकदा खिशात विसरलो होतो. सुरक्षा तपासणीतल्या बाईंनी डबा उघडला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे किडे मेलेले आहेत ना?" बांधणीबद्दल आजवर मिळालेली सगळ्यात मोठी दाद तीच. डबा मात्र तिथेच राहिला.